विमान, रेल्वे आणि दुपारची बेल

पैज लागली तीच मुळी कुजबुजत.

कारण वेळ होती दुपारी तीनची. नेपल्समधल्या त्या जुन्या इमारतीच्या अंगणात दुपारी तीनला मोठ्यानं बोलणं म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना शिट्टी मारण्यासारखं होतं. जेवणं आटोपल्यापासून चार वाजेपर्यंतच्या त्या वेळेला तिथं कोंत्रोरा म्हणतात. कोंत्रोरात अख्खी इमारत वामकुक्षी घेते. दुकानांची शटर खाली, खिडक्यांची दारं ओढलेली, आणि मांजरंसुद्धा भिंतीवरून पाय न वाजवता जातात. मागं एकदा एका फिरत्या विक्रेत्यानं या वेळेत पहिल्या मजल्यावरच्या फिलोमेनाआजींची बेल वाजवली होती. आजींनी दार उघडलं नाही, खिडकी उघडली. मग परातभर साबणाचं पाणी सरळ त्याच्या डोक्यावर. पुढं महिनाभर लोक हळहळत होते. त्याच्यासाठी नव्हे, आजींसाठी. "म्हातारीची झोप मोडली हो!"

तर अशा वेळी अंगणातल्या बाकावर आनिएल्लो आणि फेर्दिनांदो एकमेकांच्या कानाशी लागून भांडत होते.

आनिएल्लोचं कोपऱ्यावर बटणं, दोरे आणि इलॅस्टिकचं दुकान. पण त्याचा खरा धंदा लोकांच्या खोड्या काढण्याचा. कुणाच्या छत्रीत तांदूळ भरून ठेव, कुणाच्या दारावर 'घर विकणे आहे' असा कागद चिकटव. पन्नाशी उलटली तरी हात शांत बसत नव्हते. फेर्दिनांदो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. नगरपालिकेतून निवृत्त झालेला, टापटिपीचा, स्वच्छ ऊन पडलेलं असतानाही छत्री घेऊन निघणारा. तांदूळ बहुतेक वेळा त्याच्याच छत्रीतून पडायचे. अशा या दोघांच्या नशिबी देवानं काय लिहावं? आनिएल्लोची मारिलेना आणि फेर्दिनांदोचा एउजेनियो जिन्यात भेटले, जिन्यातच प्रेमात पडले आणि लग्न करून मिलानला गेले. शेजारी होते ते व्याही झाले. आता मिलानला मुलगा झाला होता. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं हा रिवाज, त्यामुळं बाळाचं नाव ठेवलं फेर्दिनांदो.

आनिएल्लोच्या पोटात दुखत होतं ते तिथंच.

"व्याही, नाव तुमचं लागलं. लागू द्या. रिवाज आहे, माझी तक्रार नाही," तो कुजबुजला. "पण पोराला पहिल्यांदा उचलणार मी."

"का म्हणून?"

"जो आजोबा पहिल्यांदा उचलतो, त्याचा स्वभाव पोरात उतरतो. माझ्या आईचं म्हणणं होतं. नाव तुमचं आणि वर स्वभावही तुमचा? म्हणजे पोरगं दोन्हीकडून बुडालंच की!"

"आणि तुमचा उतरला म्हणजे? शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंच्या खुर्चीला डिंक लावील!"

"लावू दे की! निदान वर्गात कुणी हसेल तरी. तुमच्या स्वभावाचं पोर वर्गात शिरलं, तर कुणीतरी वारलं, सुट्टी झाली असं समजून मुलं घरी जातील."

फेर्दिनांदोनं छत्री एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. तो चिडला की असं करायचा. "ठीक आहे. शनिवारी निघायचंच आहे. जो आधी पोहोचेल तो उचलेल. मी रेल्वेनं जातो."

"मी विमानानं!"

हे आनिएल्लोच्या तोंडून निघून गेलं. तो जन्मात कधी विमानात बसला नव्हता. उंच शिडीवर चढून वरच्या फळीवरची बटणं काढायची तरी तो बायकोला हाक मारायचा. पण व्याही रेल्वे म्हणाला, तर आपण काय रेल्वेच म्हणायचं?

"विमान!" फेर्दिनांदो तुच्छतेनं म्हणाला. "हवेत घटकाभर, आणि जमिनीवर दिवसभर फरफट. आधी विमानतळावर जा, मग रांगेत उभे राहा, मग पट्टा काढा, बूट काढा. रेल्वे कशी, या गावाच्या पोटात बसलात की थेट त्या गावाच्या पोटात उतरलात."

"बसा तुम्ही पोटात. मी वरून जाताना तुमच्यावर थुंकीन."

"मेल्यांनो!" वरून आवाज आला. फिलोमेनाआजींची खिडकी किलकिली झाली होती. आजीसुद्धा कुजबुजतच ओरडत होत्या. "परात भरू का?"

दोघेही उठून हात जोडून उभे राहिले. पण प्रकरण काय ते ऐकल्यावर आजींची झोप उडाली. त्यांनी तिथल्या तिथं पंच होऊन अटी घातल्या. मिलानच्या घराची बेल जो आधी वाजवेल तो जिंकला. बाळाला पहिल्यांदा उचलायचा मान त्याचा. लबाडी नको म्हणून पोहोचेपर्यंत मिलानला कुणीही फोन करायचा नाही आणि मिलानवाल्यांनीही यांना करायचा नाही. "तसं मी आजच त्यांना बजावते," आजी म्हणाल्या. आणि जो हरेल, त्यानं परत आल्यावर रविवारी अंगणात बायकोचा ॲप्रन बांधून सगळ्या इमारतीला कॉफी पाजायची, आणि आपण मूर्ख आहोत हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

"कबूल?"

"कबूल," दोघे कुजबुजले.

बायकांना कळलं तेव्हा आनिएल्लोची तितिना कपाळावर हात मारून म्हणाली, "लेकीच्या घरी निघालाय की घोड्यांच्या शर्यतीला?" आणि फेर्दिनांदोची नुन्झिआता म्हणाली, "जाऊ द्या हो विहीणबाई. हे दोघे वेगवेगळे गेले तर आपला प्रवास तरी सुखाचा होईल." त्या दोघींनी आपलं साधं लांब पल्ल्याच्या बसचं तिकीट काढलं. बसमध्ये कुणी सामान मोजत नाही. तेलाचा डबा, तेलात मुरवलेली वांगी, खारट कडक बिस्किटांची पिशवी, आणि मिलानच्या पाण्याची कॉफी कोण पिणार म्हणून नेपल्सच्या नळाच्या पाण्याचे दोन कॅन. शनिवारी उजाडायच्या आत त्या निघूनही गेल्या. जाताना तितिनानं नवऱ्याच्या उशाशी रागूची मोठी बरणी ठेवली. रागू म्हणजे मांस घालून आदल्या दिवसापासून मंद आचेवर शिजवलेला टोमॅटोचा रस्सा. चिठ्ठी होती, 'तुम्ही जेवायच्या वेळेला पोहोचाल. मारिलेनाला आवडतो. वाटेत उघडू नका.'

आनिएल्लोनं लग्नातला पांढरा शर्ट घातला, खिशात नजर लागू नये म्हणून लाल शिंग टाकलं आणि बरणी पोटाशी धरून विमानतळावर गेला.

तिथं पट्टा, बूट सगळं ठीक झालं. बरणी यंत्रातून गेली आणि यंत्र थांबलं.

"हे काय आहे?" गणवेशातल्या पोरसवदा माणसानं विचारलं.

"रागू."

"काका, द्रव पदार्थ नेता येत नाही."

आनिएल्लोनं बूट घालता घालता मान वर केली. "काय म्हणालास?"

"द्रव पदार्थ..."

"कुठला तू?"

"इथलाच. स्टेशनामागचा."

"आई आहे?"

"आहे."

"तिच्यासमोर रागूला द्रव म्हणशील?"

त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. रांगेत मागं असलेली एक बाई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. द्रव म्हणजे सूप. रागू द्रव कसा?" तिच्या मागचा म्हणाला, "नीट शिजवलेला असेल तर नाही. घाईघाईनं केलेला असेल, तर मग द्रवच." आनिएल्लोनं लगेच तितिनाला फोन लावला. बायकोला फोन करायला बंदी नव्हती. बसच्या घरघरीतून तितिनाचा आवाज साऱ्या रांगेला ऐकू गेला. "कोण म्हणालं द्रव? द्या त्याला फोन!" गणवेशवाल्यानं दोन्ही हात मागं घेतले.

तोवर चष्मा लावलेली वरिष्ठ बाई आली. "जे वाहतं ते द्रव," तिनं एका वाक्यात निकाल दिला.

"वाहतं?" आनिएल्लोला हवंच होतं ते. "बाईसाहेब, माझ्या बायकोच्या रागूत चमचा उभा राहतो. हे बघा!" असं म्हणून त्यानं बरणी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी उलटी धरली.

रागू जागचा हलला नाही. रांगेनं टाळ्या वाजवल्या. गणवेशवाल्या पोरानंही दोन वाजवल्या. आनिएल्लो बरणी तशीच धरून मान डोलवत चारी बाजूंना वळला. पण झाकण तितिनानं पहाटेच्या घाईत नीट फिरवलेलं नव्हतं. चौथ्या बाजूला वळता वळता ते निसटलं, आणि लालभडक, दाट रागूचा एक मोठा गोळा त्याच्या पांढऱ्या शर्टावर, नेमका काळजापाशी येऊन बसला.

"वाहिला," चष्मेवाली बाई म्हणाली.

वाद संपला. पण एवढा रागू कचऱ्यात टाकायची हिंमत त्या बाईचीही झाली नाही. रांगेतल्या एकाकडं पाव निघाला. दुसऱ्याकडं आणखी एक निघाला. लोक बूट हातात धरून पाव बुडवू लागले. वरिष्ठ बाईनं तपासणी म्हणून एक तुकडा बुडवला, मग खात्री करायला आणखी एक. बरणी चाटूनपुसून साफ झाली तेव्हा लाऊडस्पीकरवर आनिएल्लोचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं जात होतं.

विमानात तो सगळ्यांत शेवटी शिरला. सगळे त्याच्या शर्टाकडं बघत होते. तो डोळे मिटून खिशातलं शिंग दाबत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकही खोडी सुचत नव्हती. चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. बाकी कुणीच वाजवल्या नाहीत. शेजारी बसलेल्या सुटाबुटातल्या मिलानवाल्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू कुणी बसच्या ड्रायव्हरचा मुका घेतला.

पण खरी थट्टा पुढंच होती. मिलानचं विमानतळ म्हणजे मिलानमध्ये असेल अशी त्याची भाबडी समजूत. बाहेर आला तर समोर शेतं आणि लांबवर डोंगर.

"मिलान कुठाय?" त्यानं एकाला विचारलं.

"ते तिकडं लांब. खालून रेल्वे मिळेल."

"रेल्वे?"

"रेल्वे."

विमानाची पैज लावलेला आनिएल्लो मुकाट्यानं रेल्वेत बसला. डब्यात कुणी ओळखीचं नाही ना, हे त्यानं तीन वेळा पाहून घेतलं. मग भुयारी रेल्वे, मग चुकीचं स्टेशन, मग परत भुयारी रेल्वे. फेर्दिनांदोला हे कळलं तर तो वर्षभर छत्रीऐवजी हेच घेऊन फिरेल, असं त्याला सारखं वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मनातल्या मनात त्याला दिसत होतं, की वर चौथ्या मजल्यावर व्याही आरामखुर्चीत बसलाय, मांडीवर बाळ आहे, आणि बाळ हळूहळू टापटिपीचं होत चाललंय.

मारिलेनाची गल्ली सापडली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. तो धापा टाकत कोपऱ्यावरून वळला आणि जागच्या जागी थांबला.

इमारतीच्या फाटकासमोरच्या बाकावर फेर्दिनांदो बसला होता. गुडघ्यावर छत्री. शेजारी मिठाईच्या दुकानातला, रिबिनीनं बांधलेला खोका.

"तुम्ही?" आनिएल्लो ओरडलाच.

"श्श!" फेर्दिनांदोनं ओठावर बोट ठेवलं. "किती वाजलेत? हळू बोला."

आनिएल्लो आवाज खाली आणत म्हणाला, "तुम्ही आत्ता आलात?"

"छे. केव्हाचा आलोय. गाडी अगदी वेळेवर. पण इथं पोहोचलो, तर नेमकी जेवायची वेळ. येण्याची वेळ न कळवता जेवणाच्या वेळेला बेल वाजवायची म्हणजे सुनेला आणखी एक ताट मांडायला लावायचं. बरं दिसतं का? म्हटलं मिठाई घेऊन येऊ, जेवणं होऊ देत. मिठाई घेऊन आलो, तर कोंत्रोरा सुरू."

आनिएल्लोनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "म्हणजे तुम्ही बेल वाजवलीच नाही?"

"या वेळेला? वेड लागलंय का?"

आनिएल्लोच्या अंगात एकदम जीव आला. शर्यत अजून संपलेली नव्हती! बेलची पाटी दहा पावलांवर. चौथा मजला, एउजेनियोचं आडनाव, पितळेचं चकचकीत बटण. जन्मभर बटणं विकलेला माणूस तो, एवढं एक बटण दाबायचं होतं. तो फाटकाकडं गेला. बोट उचललं.

आणि बोट हवेतच राहिलं.

डोळ्यांपुढं आली ती कोंत्रोरातली मारिलेना. लहानपणी याच वेळेला तिला पाठीवर थोपटून निजवायचं काम त्याचं असायचं. आणि आता तर तिच्या कुशीत बाळ. खोड्या काढणं वेगळं, रानटीपणा वेगळा. तो परत बाकावर येऊन बसला.

"नाही ना जमलं?" फेर्दिनांदो म्हणाला.

"बटण जरा घट्ट वाटलं."

"हं."

 मग फेर्दिनांदोनं शर्टाकडं बोट दाखवलं. "रागू?"

"हं."

"सगळा?"

"उरलेला विमानतळानं खाल्ला."

फेर्दिनांदोनं छत्री एकदा इकडून तिकडं ठेवली. "खरं सांगू का व्याही, जेवणाच्या वेळेला मी दोनदा फाटकापर्यंत गेलो होतो. सुनेचा राग सोसला असता. पण म्हटलं, वर जाऊन जिंकायचं आणि तुमचं तोंड पडलेलं बघायला तुम्हीच नाही. मग जिंकण्यात काय मजा?"

हे ऐकून आनिएल्लो बुटाची नाडी उगाचच सोडून परत बांधू लागला. मान वर न करता त्यानं विचारलं, "आता ठरवून टाका. इथं कोंत्रोरा संपली हे कळणार कसं? आपल्याकडं न्हाव्याचं शटर वर गेलं की कळतं."

"कॉफीचा वास," फेर्दिनांदो म्हणाला. "खिडकीतून कॉफीचा वास आला की लोक उठले. वास आला की दोघांनी एकदम निघायचं. जो आधी पोहोचेल तो."

"कबूल."

आणि ते दोन पिकलेले व्याही नाकं वर करून, चौथ्या मजल्याच्या खिडकीकडं टक लावून हुंगत बसले.

हे सगळं इमारतीची दरवानबाई काचेच्या खोलीतून केव्हाची पाहत होती. आधी एक म्हातारा आला. तासभर तो त्या खिडकीकडं बघत बसला. मग दुसरा आला, बेलजवळ गेला, इकडंतिकडं बघून परत फिरला. आणि या दुसऱ्याच्या छातीवर हा एवढा लाल डाग! बाई अस्सल मिलानची. तिनं कुणाला काही विचारलं नाही, सरळ पोलिसांना फोन केला.

थोड्याच वेळात एक मिशाळ हवालदार मोटारसायकलवरून उतरला. "उठा. इथं काय चाललंय?"

"हळू बोला साहेब," फेर्दिनांदो कळवळून म्हणाला.

"का हळू? आणि हे रक्त कुणाचं?"

"रक्त नव्हे, रागू आहे. वास घेऊन बघा," आनिएल्लोनं छाती पुढं केली.

हवालदारानं खरंच वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा पोलीस क्षणभर कुठंतरी गेला, आणि मग परत आला. "इथं कोण राहतं तुमचं?"

"माझी मुलगी."

"माझा मुलगा."

"चौथ्या मजल्यावर," दोघे एकदम म्हणाले.

"मग बेल वाजवा आणि वर जा. इथं काय बसलाय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग आनिएल्लो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, घड्याळ बघा. या वेळेला बेल?"

हवालदारानं घड्याळ पाहिलं. इमारतीकडं पाहिलं. आणि त्याचाही आवाज एकदम खाली आला. "गाव कुठलं तुमचं?"

"नेपल्स. तुमचं?"

"कालाब्रिया, तुमच्याही खाली, दक्षिणेत. मी रोक्को." तो बाकावर दोघांच्या मध्ये टेकला. "बरोबर आहे तुमचं. आमच्या आत्याच्या घरी एकानं अशी बेल वाजवली होती. अजून आम्ही त्याच्याशी बोलत नाही." त्यानं दरवानबाईला हातानं खूण केली, सगळं ठीक आहे म्हणून. मग हळूच विचारलं, "त्या खोक्यात काय आहे?"

मिठाईचा खोका उघडला गेला. तिघे एका ओळीत बसून, आवाज न करता खात होते आणि खिडकीकडं बघून हुंगत होते. दरवानबाई काचेला नाक लावून बघत होती. मिलानमध्ये सारा जन्म गेला, पण असा तपास तिनं पाहिला नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून टॅक्सी आली. तिच्यातून आधी दोन पाण्याचे कॅन उतरले, मग तेलाचा डबा, मग पिशव्या, मग तितिना आणि नुन्झिआता.

तितिनानं बाकाकडं पाहिलं. मध्ये पोलीस, दोन्ही बाजूंना दोन नवरे, तिघांच्या मिशांना साखर.

"काय केलंत?" ती थेट आनिएल्लोला म्हणाली. "सांगा, आता काय केलंत?"

"काही नाही ग. वाट बघतोय."

"कशाची?"

"उठायची. कोंत्रोरा आहे."

नुन्झिआतानं हातातली पिशवी खाली ठेवली. "जेवणाआधीपासून? आणि बेल वाजवली नाही?"

"बायांनो, झोपलेत ते!" फेर्दिनांदो अजिजीनं म्हणाला.

तितिनाच्या दोन्ही हातांत कॅन होते. ती फाटकापाशी गेली, वळली आणि कोपरानं ते पितळेचं बटण दाबून धरलं. बेल अशी खणखणली की हवालदार उठून उभा राहिला.

"अग! कोंत्रोरा!" आनिएल्लोनं डोकं धरलं.

"कोंत्रोरा तुमची!" तितिना म्हणाली. बटणावरचं कोपर तसंच होतं. "आमची कधी झाली? तुम्ही घोरत पडायचा तेव्हा आम्ही काय करत होतो, ठाऊक आहे? तुमच्या जेवणाची भांडी घासत होतो! तीस वर्षं आवाज न करता! दुपारी तीनला नेपल्समधली एक तरी बाई झोपलेली पाहिलीत का कधी?"

 दोघा व्याह्यांनी कशी पाहिली असणार? ते झोपलेले असायचे.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. फाटक उघडून मारिलेना बाहेर आली, खांद्यावर बाळ, एउजेनियो अजून मागं जिन्यातच. "अग आई, किती वाट बघायची! दुपारपासून जेवण मांडून ठेवलंय, आम्ही अजून उपाशी! फोन करायचा नाही म्हणून आजींनी शपथ घातलेली. आणि बाबा, तुम्ही? हे रक्त कसलं?" आईच्या गळ्यात पडायचं तर हात मोकळे हवेत. तितिनाच्या हातांत कॅन, नुन्झिआतापुढं पिशव्यांचा डोंगर, बापाची छाती लाल, सासऱ्यांच्या हाताला क्रीम. जवळ स्वच्छ आणि रिकामे हात एकाच माणसाचे होते. त्यानं आत्ताच रुमालाला पुसले होते. मारिलेनानं बाळ त्याच्याकडं दिलं आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली.

अशा रीतीनं दोन आजोबांच्या डोळ्यांदेखत बाळ फेर्दिनांदोला पहिल्यांदा उचललं ते कालाब्रियाच्या हवालदारानं.

बाळानं त्याची मिशी धरली आणि सोडेना.

"पोलीस होणार," फेर्दिनांदो हताश होऊन म्हणाला.

"होऊ दे," आनिएल्लो म्हणाला. "तुमच्यासारखा नाही झाला म्हणजे मिळवली." आणि दोघे बाळापुढं असे काही तोंड वाकडं करून हसले, की दरवानबाईनं शेवटी काच सरकवून विचारलं, "म्हणजे अटक कुणालाच नाही का?"

पैजेचा निकाल फिलोमेनाआजींनी फोनवरच दिला. बेल कुणी आधी वाजवली? तितिनानं. तिच्या मागं कोण उभी होती? नुन्झिआता. म्हणजे जिंकली बस. विमान आणि रेल्वे दोन्ही हरले.

परत आल्यावर रविवारी जेवणं झाली आणि अख्खी इमारत खिडक्यांत जमली. अंगणात आनिएल्लो तितिनाचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधून कॉफी ओतत होता. नुन्झिआताच्या झालरीच्या ॲप्रनमधला फेर्दिनांदो ट्रे घेऊन जिने चढत-उतरत होता. "साखर कमी!", "माझी गार झाली, परत न्या!", "आनिएल्लो, ॲप्रन छान दिसतो रे, मापाचा आहे!" सगळ्या बाजूंनी हाका. मग दोघांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून, घसा खाकरून, एका सुरात सांगितलं, "आम्ही दोघे मूर्ख आहोत आणि आमच्या बायका शहाण्या आहेत!"

"ऐकू आलं नाही!" तितिना गच्चीवरून म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या संपल्यावर बायका उठल्या. सगळ्या मजल्यांवरच्या. "चला ग," नुन्झिआता आळस देत म्हणाली, "कोंत्रोरा सुरू झाली. जरा पडू या. कप घासून ठेवा हो." एकेक खिडकीचं दार ओढलं गेलं. बाकीच्या नवऱ्यांना धोका लगेच कळला. आपल्यालाही कुणी खाली बोलवील म्हणून ते चवड्यांवर चालत आत पळाले.

अंगणात राहिले दोघे आणि कपांचा डोंगर. नळ बारीक सोडून, श्वास रोखून, ते एकेक कप घासू लागले.

"व्याही," आनिएल्लो कुजबुजला, "हे रोज करायच्या त्या. आवाज कसा येऊ द्यायच्या नाहीत हो?"

"मला काय ठाऊक? मी कधी ऐकलाच नाही."

आणि या विचारात असतानाच आनिएल्लोच्या साबणाच्या हातातून एक कप सटकला. बशीवर आपटला, बशी दुसऱ्या बशीवर, आणि साऱ्या अंगणात खणखणाट झाला.

पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. फिलोमेनाआजींनी साबणाच्या पाण्याची परात सरळ पालथी केली.

दोघे नखशिखांत भिजले. ॲप्रन अंगाला चिकटले, झालरीतून पाणी गळायला लागलं. वर खिडकी लागली. फेर्दिनांदोनं डोळे पुसले, कपांकडं बघितलं, बोटांवरचा फेस चोळून पाहिला आणि कुजबुजला,

"साबण संपतच आला होता. बरं झालं."